कोणी नाही, मिटवा

१

कामावर आलं की मिस्त्रीचं आधी भिंतीकडे जाणं व्हायचं, मग चहा. काल उभी केलेली भिंत समोर असायची. तिला उजवा कान लावायचा आणि मधल्या बोटाच्या पेराने ठोकत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, हा त्याचा नेम. मागे काहीच नसलं तर जिप्समचा बोर्ड ढब्ब वाजतो. बोर्डामागे प्लाय घातलेलं असलं तर आवाज घट्ट होतो, जरा आखडतो. आणि बोर्ड ज्याच्यावर स्क्रूने आवळलेला असतो तो पत्र्याचा उभा चॅनेल पेराखाली आला की टक्क. त्या चॅनेलला हे लोक नुसतं 'उभा' म्हणतात. दोन फुटांवर एक उभा, असा हिशोब. चाळीस वर्षं मिस्त्री भिंतींच्या पोटातलं असं बाहेरून सांगत आला होता, आणि कधी चुकला नव्हता. धंद्यातले लोक त्याला कानसेन म्हणायचे.

गंमत अशी, की या कानसेनाचा डावा कान ठार बहिरा होता. दोन वर्षांपूर्वी तापात गेला तो गेलाच. बायको डाव्या बाजूला झोपते, त्यामुळे संसार उलट सुखाचा झालाय, असं तो चारचौघांत सांगायचा. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची आता सोय राहिली नाही, हाही त्याचा ठरलेला विनोद. त्याच्या लेकीला यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नसे. चार वर्षांपूर्वी मिस्त्रीच्या मेव्हण्याने गुडघ्यांमुळे काम सोडलं, तेव्हापासून लेकच त्याची जोडीदार होती. हाताला नेमकी, बोलायला फटकळ. बापाच्या डाव्या बाजूने कधी शिडी पडेल, कधी कुणी ओरडेल आणि त्याला कळणारही नाही, ही धास्ती तिने मनात घेतली होती. यंदा तिने सांगूनच टाकलं होतं, की एवढं एक काम करा आणि घरी बसा.

हे काम होतं कानांच्याच डॉक्टरीणबाईंचं. लहान मुलांना ऐकू येतं की नाही ते तपासायला त्यांना दवाखान्यात एक शांत खोली हवी होती. बाहेरचा आवाज आत नको, आतला बाहेर नको. म्हणून जुन्या विटांच्या भिंतींपासून दीड फूट सोडून नव्या भिंती उभ्या करायच्या, आणि मधल्या पोकळीत आवाज गिळणारा कापूस भरायचा. आत मोठ्याने ओरडलं तरी बाहेर कुजबुज ऐकू येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी कौतुकाने सांगितलं होतं.

लांब भिंत बारा फुटांची. तिचे तीनपैकी दोन बोर्ड चढले, तिसऱ्याची जागा कापूस भरायला आणि वायरी ओढायला उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने त्या दोन बोर्डांवर पेर ठोकलं. आठ फुटांत पाच उभे. टक्क, टक्क, टक्क. मग चौथा यायच्या फूटभर आधीच आणखी एक टक्क.

त्याने पुन्हा ठोकून बघितलं. मग उघड्या जागेतून डोकं आत घालून टॉर्च मारला. आत पाचच उभे होते, त्याने स्वतःच्या हाताने लावलेले. बाहेर येऊन ठोकलं तर सहा.

२

लेकीने आधी लोहचुंबक आणलं. बोर्डावरून फिरवलं की जिथे आत पत्रा आणि स्क्रू, तिथे ते चिकटतं. ते पाच ठिकाणी चिकटलं. मिस्त्रीने सहावी जागा बोटाने दाखवली, तिथे चुंबक नुसतं घसरून खाली पडलं. लेकीने बापाकडे ज्या नजरेने पाहिलं ती त्याला बोर्डाच्या धारेपेक्षा जास्त लागली.

तो म्हणाला, कापूस दाबून बसला असेल, म्हणून आवाज बदलला. ती म्हणाली, असेल. दोघांनाही माहीत होतं, की कापूस असा वाजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहावा आवाज हलला होता. काल तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे होता, आज चौथ्या आणि पाचव्याच्या मधे. म्हणजे उघड्या जागेकडे दोन फूट सरकला होता. मिस्त्रीने पेन्सिलीने तिथे बारीक फुली मारली आणि लेकीला सांगितलंच नाही. उभा काय चालतो का? घर चालत नाही, दार चालत नाही, उभा कसा चालेल? त्याने स्वतःला असं चांगलं खडसावलं आणि चहाचे दोन घोट घेतले. तरी भिंतीकडे पाठ करून बसायला त्याला नको वाटलं, तो स्टूल वळवून बसला.

दुपारी डॉक्टरीणबाई काम बघायला आल्या. लेकीने बहुधा आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं, कारण त्यांनी हसत हसत मिस्त्रीला पलीकडच्या खोलीत बसवलं आणि कानांवर यंत्र चढवलं. आवाज आला की बोट वर करायचं. उजव्या कानाच्या वेळी बोट बऱ्याच वेळा वर गेलं. डाव्याच्या वेळी तो नुसता बसून राहिला.

"डावा शून्य," त्या म्हणाल्या. त्यांच्याच बोलण्यात पुढे आलं, की असा मेलेला कान कधी कधी आपला आपणच वाजतो, त्यात घाबरायचं काही नाही. मिस्त्रीला हे ऐकून हायसं वाटलं. सहाव्या आवाजाचं खापर त्याने ताबडतोब डाव्या कानावर फोडून टाकलं. भिंतीला तो कान लावतो तो उजवा, हे त्या घडीला त्याने सोयीस्कर विसरायचं ठरवलं.

३

आता या लोकांच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं पुढे तिच्यावरच फिरलं.

भिंतीच्या पोकळीला हे पोट म्हणतात, आणि शेवटचा बोर्ड लावून ती बंद करायची त्याला पोट मिटवणं. पोट मिटवताना बोर्ड धरणारा मोठ्याने विचारतो, "आत कोण?" जोडीदार सगळीकडे नजर टाकतो आणि सांगतो, "कोणी नाही, मिटवा." ते उत्तर आल्याशिवाय पहिला स्क्रू जात नाही, आणि आलं की हात आपोआप चालू होतात. मिस्त्रीच्या उस्तादाचा चष्मा एकदा पोटात राहिला होता, आणि कुणाची तरी मांजर. रीत त्यातूनच पडली असावी. चाळीस वर्षांत मिस्त्रीने तो प्रश्न हजारो वेळा विचारला होता आणि हजारो वेळा तेच एक उत्तर ऐकलं होतं.

कान तपासले त्याच संध्याकाळी दाराकडची आखूड भिंत मिटवायची होती. पोकळी कोपऱ्यातून वळून लांब भिंतीत जायची, सलग. मिस्त्रीने बोर्ड खांद्यावर तोलला आणि विचारलं, "आत कोण?"

"कोणी नाही, मिटवा," लेक म्हणाली.

त्याने तीस स्क्रू मारले आणि घाम पुसत खाली बसला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि लेक आत आली. हातात स्क्रूची नवी पिशवी होती, दम लागला होता. मिटलेली भिंत बघून तिने विचारलं, माझ्यासाठी थांबला का नाहीत? तो म्हणाला, तूच तर मिटवा म्हणालीस. ती म्हणाली, मी अर्धा तास खाली दुकानात होते.

मिस्त्री उठला. त्याने कोपऱ्यातले चार स्क्रू सोडवून बोर्ड वाकवला आणि टॉर्च मारला. कापूस, दोन वायरी, विटा. बाकी काहीच नव्हतं. लेकीने त्याच्या हातातलं स्क्रू मारायचं यंत्र काढून घेतलं आणि ते चारही स्वतः परत मारले.

"बाबा, उद्या लांब भिंत मिटली की पुरे," ती हळू म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, हेच त्याला जास्त लागलं.

रात्रभर तो हाच विचार करत राहिला, की ऐकू न येणं एक वेळ चालेल, पण नसलेलं ऐकू यायला लागलं तर माणूस कामाचा उरत नाही. मेलेला कान आपला आपण वाजतो, असं त्याने स्वतःला सतरा वेळा सांगितलं.

४

शेवटच्या दिवशी सकाळी त्याने ठोकून पाहिलंच नाही. हात शिवशिवत होते, पण त्याने ते खिशात घातले. आपण ठोकलं आणि सहा वाजले तर सांगायचं कुणाला?

बारा वाजता कापूस भरून झाला. मिस्त्री जमिनीवर गुडघे टेकून शेवटच्या बोर्डाची कड घासत होता. लेकीला दिसलं, की आतली एक वायर खिळ्यावरून सुटलीय. चपला काढून ती उघड्या जागेपाशी आली आणि म्हणाली, "बाबा, मी आत जाऊन वायर बांधून येते, दोन मिनिटं." घाईत ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. दोन वर्षांत ती हे कधी विसरली नव्हती. तिला वाटलं त्याने मान हलवली. तो कड तपासायला वाकला होता एवढंच. ती दोन उभ्यांमधून अंग तिरकं करून आत शिरली आणि सरकत सरकत मिटलेल्या बोर्डांमागे गेली.

मिस्त्रीने वर पाहिलं तर खोलीत कोणी नव्हतं. गेली असेल दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर. त्याने बोर्ड उचलून जागेवर टेकवला, उजवा खांदा आणि उजवा गाल त्यावर दाबून धरला, आणि विचारलं, "आत कोण?"

"कोणी नाही, मिटवा."

अगदी लेकीचा आवाज. स्वच्छ, जवळून, तरुणपणी ऐकू यायचा तसा. मिस्त्रीला बरं वाटलं. आज कान कसा झकास आहे, असंसुद्धा त्याच्या मनात आलं. हात चालू झाले. पहिला स्क्रू, दुसरा, तिसरा. आज डॉक्टरीणबाईंना म्हणावं, घ्या परत परीक्षा. चौथा. पाचवा.

सहाव्या स्क्रूवर त्याचा हात थांबला.

कुठला कान झकास आहे?

उजवा कान बोर्डावर सपाट दाबलेला होता. त्यातून तर नीट काही ऐकू येणंच शक्य नव्हतं. मग ते वाक्य आलं ते डावीकडून आलं. डावा शून्य. मेलेला कान आपला आपण वाजतो, कबूल, पण तो 'मिटवा' कशाला म्हणेल? त्याच वेळी त्याची नजर खाली गेली. बोर्डाच्या पायाशी लेकीच्या चपला होत्या, एकमेकींना चिकटून नीट ठेवलेल्या.

त्याचा हात पाचव्या स्क्रूकडे परत गेला. आणि तेवढ्यात, दाबलेल्या उजव्या कानात, बोर्डाच्या आतून, नखं घासल्यासारखा बारीक आवाज आला.

५

पाच स्क्रू सोडवायला किती वेळ लागतो? त्याला तो जन्मभर लागल्यासारखा वाटला. पाचवा निघायच्या आत त्याने बोर्ड हातानेच ओढला, कोपरा मोडला, धूळ उडाली. उघड्या जागेत लेकीचा हात आला. त्याने तो मनगटाशी पकडला आणि होती नव्हती ती ताकद लावून ओढलं. सुरुवातीला ती येईना. तिला पलीकडूनही कोणी धरलंय, असं त्याला वाटलं. मग एकदम सुटल्यासारखी ती बाहेर येऊन त्याच्या अंगावर पडली. तोंडावर कापूस चिकटलेला होता, ओठांच्या आतपर्यंत.

त्याने टॉर्च आत मारला. कापसाच्या आणि विटांच्या मधे, ती होती तिथून हातभर अंतरावर, सहावा उभा होता. उंचीला इतरांएवढा, रुंदीला इतरांएवढा. पण पत्र्याचा नव्हता आणि प्लायचाही नव्हता. चाळीस वर्षांत मिस्त्रीने ज्या ज्या मालाला हात लावला होता त्यातलं ते काहीच नव्हतं. उजेड पडला तसं त्याने अंग चोरलं आणि ते कडेवर वळलं, इतकं बारीक झालं की दिसेनासं झालं.

लेक खोकत होती. मधे मधे सांगत होती, की तुम्ही विचारलंत ते मला ऐकू आलं, मी ओरडले, मी आहे आत, पण ओरडायला तोंड उघडलं आणि कापूस आत आला. आपोआप नाही आला, बाबा. ती त्याला दाराकडे ओढत होती. सोडा सगळं, चला.

तोही उठला. पण दारात त्याचे पाय थांबले. उद्या या खोलीत डॉक्टरीणबाई एखादं चिमुरडं पोर आणून बसवणार. शांत खोली. आत मोठ्याने ओरडलं तरी बाहेर कुजबुज नाही. त्याला भीती वाटत होती. आणि त्या भीतीच्या खालून राग वर आला. माझ्या भिंतीत, माझ्या हातून, माझ्या लेकीला मिटवायला निघाला होतास काय? माझ्याच तोंडचा प्रश्न वापरून?

आणि त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आलं, की भिंतीतल्याला उत्तर एकच येतं.

मिस्त्री परत फिरला. उघड्या जागेपुढे गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीला त्याने डावा कान लावला.

"बाहेर कोण येणार?" त्याने विचारलं. बोर्ड धरून विचारतात त्याच सुरात.

बहिऱ्या कानात उत्तर लगेच आलं, लेकीच्या आवाजात, गोड. "कोणी नाही, मिटवा."

"ठरलं," मिस्त्री म्हणाला. "मग आत कोण राहणार?"

आतून काहीच आलं नाही. कापूस हलल्यासारखा वाटला. लेकीने त्याचा सदरा मागून घट्ट धरला होता. तिला काहीच ऐकू येत नव्हतं, पण बापाच्या चेहऱ्यावरून तिला कळलं, की तो कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. मिस्त्री हलला नाही. रीत म्हणजे रीत. विचारलं की उत्तर द्यावंच लागतं, आणि उत्तर आल्याशिवाय पुढचं काही होत नाही. त्याने खडसावून पुन्हा विचारलं, "आत कोण राहणार? बोल."

मग आलं. या वेळी आवाज लेकीचा नव्हता. मेव्हण्याचा होता, मग उस्तादाचा, मग ओळखीचा कुणाचाच नव्हता, आणि तो इतका खाली गेला, की तो शब्द होता की दातांतली झिणझिण हे सांगता आलं नसतं.

"कोणी नाही."

'मिटवा' आलंच नाही. ते मिस्त्री स्वतः म्हणाला.

टॉर्चच्या उजेडात कापसात एक खड्डा दिसला, माणसाएवढा उंच आणि हातभर रुंद. आत काही नव्हतं. दोघांच्या देखत तो खड्डा हळूहळू फुगत फुगत भरून आला, उठल्यावर उशी भरते तसा.

मिस्त्रीने पेर ठोकलं. पहिल्या बोर्डापासून सुरू केलं. टक्क, टक्क, टक्क. लेकही तोंडाने मोजायला लागली. मग त्याचं पेर पेन्सिलीच्या फुलीवर आलं. ढब्ब. निव्वळ पोकळ, मोकळं, सुंदर ढब्ब. शेवटच्या टोकाला पाचवा टक्क आला आणि मिस्त्री खदाखदा हसत सुटला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तरी तो ठोकतच राहिला. पाच. परत पाच. लेक रडत होती आणि हसतही होती. हे मी स्वतः करणार म्हणत तिने ठोकलं, आणि तिच्याही बोटाला पाचच लागले.

६

मोडक्या कोपऱ्याचा बोर्ड बदलला. मिटवताना लेक त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापुढे. "मी इथे आहे, बाबा," ती म्हणाली. मग पहिला स्क्रू गेला. तेव्हापासून त्यांच्या कामावर हीच रीत आहे. उत्तर कानाला द्यायचं नाही, डोळ्यांपुढे येऊन द्यायचं. नव्याने जोडीला आलेल्यांना गंमत वाटते, पण लेक कुणाला सूट देत नाही.

घरी बसायचा विषय तिने पुन्हा काढला नाही. उलट ज्याला त्याला सांगत सुटली, की आमच्या बाबांचा कान म्हणजे कान. कुठला ते सांगायची नाही.

खोली तयार झाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पहिला मान मिस्त्रीला दिला. आत खुर्चीत बसवलं, यंत्र चढवलं, जाड दार लावलं. त्या आणि लेक काचेपलीकडे बसल्या. आत अशी शांतता होती, की त्याला स्वतःच्या छातीतले ठोके मोजता येत होते. उजव्याचं बोट भराभर वर गेलं. मग डाव्याची पाळी आली.

तो वाट बघत बसला. परीक्षेत कधी इतका घाबरला नव्हता. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई एकेक बटण दाबत होत्या, आवाज वाढवत होत्या, लेक ओठ चावत होती. एक मिनिट गेलं. दोन गेली. त्याच्या चारी बाजूंना त्याच्याच भिंती होत्या.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन दुःखाने विचारलं, डाव्यात काहीच नाही का आलं?

मिस्त्रीचं तोंड हसून कानापर्यंत फाकलं होतं. तो लेकीकडे बघत होता, आणि लेकीला कळलं.

"कोणी नाही," तो म्हणाला.